भिंत धुण्याचे द्रावण आणि विकणाऱ्याचे उत्तरदायित्व

पर्युषण पर्वाची समाप्ती होऊन अनंत चतुर्दशी पार पडते, हस्ताचा पाऊस शेवटची हजेरी लावून जातो, आणि आमच्या बेळगावातील घरमालकांची दृष्टी चार महिन्यांनंतर प्रथमच आपल्या घराच्या भिंतींकडे वळते. मृगापासून लागलेल्या झडीने पश्चिमेकडील भिंती हिरव्या झालेल्या असतात, कुंपणाच्या भिंतींवर वरपासून खालपर्यंत काळे ओघळ उतरलेले असतात, आणि खिडक्यांच्या गजांखाली गंजाचे तांबडे डाग दिसू लागतात. पुढे महिन्याभरावर दीपावली, म्हणजे भगवान महावीरांचा निर्वाणदिन व आपल्या वहीपूजनाचा मुहूर्त. त्यापूर्वी घर व पेढी स्वच्छ व्हावी ही इच्छा स्वाभाविक आहे. त्यामुळे या दिवसांत रंग, हार्डवेअर व रसायने यांचा व्यापार करणाऱ्या आमच्या सभासद बंधूंच्या दुकानांत गर्दी होते, आणि दहापैकी आठ ग्राहकांची मागणी एकाच शब्दात असते : "भिंत धुवायला काहीतरी जोरकस द्या."

या 'जोरकस' शब्दाविषयी चार गोष्टी निवेदन कराव्या, एवढ्याचसाठी आम्ही या स्मरणिकेची काही पृष्ठे मागून घेतली आहेत. विषय किरकोळ वाटेल. परंतु जो माल आपण पाच लिटरच्या कॅनमधून दररोज विकतो, त्याने भिंत उजळते तशी भिंत नासतेही, आणि क्वचित माणसाच्या जिवावरही बेतते. आमचे मत प्रारंभीच स्पष्ट सांगतो : भिंत कोणती व मळ कोणता हे विचारल्यावाचून आणि दोन रसायने एकत्र करू नयेत हे सांगितल्यावाचून असा माल गल्ल्यावरून खाली उतरवणे, हा व्यापार नव्हे. हे मत आम्ही ग्रंथ वाचून बनविलेले नाही. ते आमच्याच पेढीवर घडलेल्या एका प्रसंगाने बनले आहे, आणि तो प्रसंग प्रथम सांगणे आमचे कर्तव्य आहे.

काही वर्षांपूर्वी आश्विनातच रंगकाम करणारा एक कामगार आमच्या पेढीवर आला. त्याने एक कॅन ॲसिड आणि एक कॅन हायपो, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, असे दोन जिन्नस मागितले. गल्ल्यावर आमचे चिरंजीव होते. त्यांनी माल दिला, बिल केले, पैसे घेतले. कशासाठी नेतोस, असे त्यांनी विचारले नाही. आम्ही शेजारच्याच गादीवर बसलो होतो, आम्हीही विचारले नाही. दोन घरांमधील अरुंद बोळातली भिंत त्याला धुवायची होती. प्रथम त्याने ॲसिड वापरून पाहिले. काळेपणा गेला नाही, म्हणून त्याच बादलीत, तळाशी ॲसिड उरलेले असतानाच, त्याने हायपो ओतले. बादलीतून पिवळसर हिरवा धूर उठला. बोळाला वारा नव्हता. शेजाऱ्यांनी त्याला उचलून रस्त्यावर आणले म्हणून तो वाचला, तरी कित्येक दिवस रुग्णालयात काढावे लागले.

बरा झाल्यावर तो पेढीवर आला. आम्हांस वाटले, नुकसानभरपाई मागावयास आला असेल. त्याने तसे काहीच मागितले नाही. तो एवढेच म्हणाला, "शेठ, ही दोन्ही औषधं एकत्र करायची नसत्यात, हे तुमास्नी ठावं हुतं काय?"

आम्हांस ठाऊक होते. चाळीस वर्षे हा व्यापार करणाऱ्यास ते ठाऊक नसेल असे कोण म्हणेल? आम्ही बिलाची स्थळप्रत काढून पाहिली. ॲसिड आणि हायपो या दोन नोंदी एकाखाली एक होत्या, आणि त्यांच्या मध्ये इशाऱ्याचा एक शब्दही नव्हता. औषधपाण्याचा खर्च आम्ही दिला. परंतु त्याच्या प्रश्नाचे उत्तर त्या रकमेत नव्हते, आणि ते आम्ही आजही शोधीत आहो.

त्या बादलीत काय घडले ते थोडक्यात सांगितले पाहिजे. हायपोमध्ये किंवा ब्लिचिंग पावडरमध्ये क्लोरिन बांधलेला असतो, आणि कोणतेही आम्ल मिळताच तो वायुरूपाने मोकळा होतो. हा वायू हवेपेक्षा सुमारे अडीच पट जड असतो. म्हणून तो वर उडून न जाता बोळ, तळघर, न्हाणीघर अशा खोलगट जागी साचून राहतो. पहिल्या महायुद्धात २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधील ईप्र येथे शत्रूच्या खंदकांवर जो वायू सोडण्यात आला तो हाच. ज्या वायूने सैन्याची फळी मोडली, तो आपल्या दुकानातील दोन कॅनांमधून, एका बादलीत, कोणाच्याही अंगणात तयार होऊ शकतो, ही गोष्ट प्रत्येक सभासदाने ध्यानी धरावी. हायपोत अमोनियायुक्त क्लीनर मिसळला तरीही क्लोरॅमिन नावाचे असेच घातक वायू निघतात. एतदर्थ नियम एकच : हायपो किंवा ब्लिचिंग पावडर यांत पाण्याखेरीज दुसरे कोणतेही रसायन मिसळू नये, आणि एका द्रावणाची बादली, कुंचला व भिंत भरपूर पाण्याने धुऊन काढल्यावाचून दुसरे द्रावण तेथे आणू नये.

आता 'जोरकस' या शब्दाकडे वळू. भिंतीवरचा मळ एक प्रकारचा नसतो. त्यामुळे एकाच औषधाने तो सर्व जाईल ही अपेक्षाच चुकीची आहे. आमच्या अनुभवात मळाचे मुख्य प्रकार चार.

पहिला प्रकार शेवाळ व बुरशीचा. पावसात जे हिरवे दिसते तेच ऊन लागल्यावर वाळून काळे पडते. भिंतींवरचे बहुतेक काळे ओघळ हे धुराचे नसून अशा सूक्ष्म वनस्पतींचेच असतात. त्यांवर ॲसिडचा उपयोग फारसा नाही, त्यांना हायपो लागतो. आमच्या त्या कामगाराने ॲसिड वापरूनही काळेपणा गेला नाही, त्याचे कारण हेच. योग्य माल आधी दिला गेला असता, तर दुसऱ्या मालाची गरजच पडली नसती.

दुसरा प्रकार धूळ, धूर व तेलकटपणा यांचा. रस्त्यालगतच्या आणि स्वयंपाकघराच्या बाहेरच्या भिंतींवर तो असतो. त्यास साधे साबणाचे पाणी, किंवा कपडे धुण्याच्या सौम्य द्रवाचे पातळ द्रावण पुरते. आमच्या आजीच्या काळी रिठ्याच्या पाण्याने दारे व खांब पुसले जात, तीही याच जातीची युक्ती होती.

तिसरा प्रकार गंजाचा. तो शेवाळाच्या औषधाने जात नाही व साबणानेही जात नाही. त्यास ऑक्झॅलिक ॲसिड लागते. एक लिटर पाण्यात पन्नास ग्रॅम स्फटिक विरघळवून ते केवळ डागापुरते लावावे व लागलीच धुऊन काढावे. हा पदार्थ पोटात गेल्यास विषारी आहे, आणि दिसावयास मात्र साखरेसारखा पांढरा असतो. तो कागदाच्या पुडीत बांधून देण्याची रीत आमच्या बाजारातून कायमची जावी, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे.

चौथा प्रकार लोण्याचा. भिंतीच्या पोटातील ओल बाहेर येताना क्षार घेऊन येते, आणि पाणी उडून गेल्यावर पांढरी पूड भिंतीवर उरते. येथे पुष्कळ ग्राहक ॲसिड मागतात आणि आपण ते देतो. वस्तुतः लोण्यास धुणे हाच अपाय होय, कारण धुतलेले पाणी क्षार विरघळवून त्यांना पुन्हा भिंतीत नेते. तो कोरड्या कुंचल्याने झाडून काढावा, आणि ओल कोठून येते ते शोधून ती वाट बंद करावी. येथे विकावयास काहीच नसते. ग्राहकास तसे सांगून रिकाम्या हाताने परत पाठवणे, हे त्या वेळचे खरे गिऱ्हाइकी काम आहे.

मळाइतकेच भिंतीलाही महत्त्व आहे. आमच्या शहराच्या जुन्या पेठांत आजही चुन्याच्या गिलाव्याची घरे उभी आहेत. चुन्यावर ॲसिड पडले की ते फसफसते, आणि ग्राहकास वाटते की मळ निघतो आहे. प्रत्यक्षात निघत असतो तो चुना. दोन-चार दिवाळ्या अशा गेल्या की गिलावा खरखरीत होतो, आणि खरखरीत भिंतीवर पुढच्या पावसाळ्यात शेवाळ अधिक धरते. म्हणजे जोरकस औषधाने पुढील वर्षीचे काम आदल्या वर्षीच निर्माण केलेले असते. संगमरवर व शहाबादी फरशी यांची जातही चुन्याचीच आहे, त्यांवर ॲसिड पडले की झिलई गेली ती पुन्हा येत नाही. जांभ्याच्या चिऱ्यांत लोहाचा अंश विपुल असतो आणि दगड सच्छिद्र असतो. ॲसिडने तो लोहांश सुटून पिवळे-तांबडे डाग उमटतात, आणि चिऱ्यांमधील चुन्याच्या दरजा सैल होतात. सिमेंटच्या भिंतीत मुरलेले ॲसिडमधील क्षार आतील लोखंडी सळ्यांना गंज चढवतात. आणि प्लॅस्टिक रंगाच्या भिंतीस मुळातच साबणापलीकडे क्वचित काही लागते.

आग्र्याच्या ताजमहालाच्या पिवळ्या पडलेल्या संगमरवरावर पुरातत्त्व खात्याने १९९४, २००१, २००८ व २०१४ या वर्षी जो उपचार केला, तो मुलतानी मातीच्या लेपाचा व पाण्याने धुण्याचा होता. आमच्या बेळगावच्या किल्ल्यातील कमल बस्ती इ. स. १२०४ मधील आहे. तिच्या छतावरील कोरीव कमळ आठ शतके पाहणाऱ्यांस विस्मित करीत आले आहे. असा दगड एकदा नासला की कोणत्याही किमतीत परत मिळत नाही. जुन्या मंदिरांच्या जीर्णोद्धाराच्या कामी पुष्कळ सभासद उदार हस्ते साहाय्य करतात, त्यांच्या चरणी आमची विनंती आहे की मंदिराच्या भिंती व शिखरे धुण्याचे काम केवळ रंगकामाच्या ठेकेदारावर सोपवू नये, जाणकारास विचारूनच हात लावावा.

आता प्रमाणाविषयी. हायपोच्या कॅनवर बहुधा दहा टक्के असे लिहिलेले असते. शेवाळासाठी एक टक्का पुरतो, म्हणून एक भाग हायपोत नऊ भाग पाणी घालावे. चुन्याच्या जुन्या भिंतीवर याच्या निम्मे, म्हणजे एकास एकोणीस भाग पाणी, असे घेऊन पाहावे. हायपो उन्हाने व उष्णतेने लवकर निकामी होतो, यास्तव गेल्या दिवाळीचा उरलेला कॅन या दिवाळीस विकणे म्हणजे पाणी विकणे होय. तो सावलीत ठेवावा, आणि कॅनवर माल आल्याची तारीख घालावी. ब्लिचिंग पावडरीत क्लोरिनचे प्रमाण सुमारे ३० ते ३५ टक्के असते. ती एक लिटर पाण्यात ३० ग्रॅम घेतली म्हणजे तेवढ्याच जोराचे द्रावण मिळते. चुना तळाशी बसू द्यावा व वरचे निवळ पाणी तेवढे घ्यावे. बादली प्लॅस्टिकची असावी, पत्र्याची नव्हे, आणि पाणी थंड असावे.

बेंझाल्कोनियम क्लोराइड नावाचे एक औषधही आता बाजारात मिळते. पन्नास टक्क्यांच्या एक लिटर द्रवात ४९ लिटर पाणी मिसळले की ते वापरण्यायोग्य होते. शेवाळ काढून झाल्यावर ते भिंतीवर लावून सुकू दिल्यास शेवाळ पुन्हा धरण्यास विलंब लागतो. मात्र साबणाच्या संगतीत ते निकामी होते, आणि माशांस घातक असल्यामुळे तळ्याकडे अगर ओढ्याकडे जाणाऱ्या पाण्यात ते जाऊ देऊ नये.

लावण्याची रीत सोपी आहे, पण ती सांगणारा भेटत नाही. प्रथम कोपऱ्यातील वीतभर जागेवर लावून पाहावे, आणि ती पूर्ण सुकल्यावरच निर्णय करावा. भर उन्हात काम करू नये. भिंत आधी साध्या पाण्याने भिजवावी. द्रावण खालून वर लावीत जावे म्हणजे ओघळांचे पट्टे उमटत नाहीत. दहा-पंधरा मिनिटे थांबून नरम कुंचल्याने घासावे, आणि वरून खाली भरपूर पाण्याने धुऊन काढावे. तारेचा ब्रश वापरू नये, आणि जुन्या दरजांच्या भिंतीवर यंत्राच्या जोराचा फवारा तर मुळीच मारू नये. परसातील आड झाकावा, तुळस व फुलझाडे आधी पाण्याने भिजवून झाकावी. हातात रबरी मोजे, डोळ्यांस चष्मा आणि पायांत बूट असावे. अंगावर किंवा डोळ्यांत थेंब गेला तर निदान पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याने धुवावे आणि डॉक्टरांकडे जावे. वायू कोंडला तर प्रथम मोकळ्या हवेत यावे, बादली उचलण्याच्या नादी लागू नये.

ॲसिडविषयी कायद्याची बाजूही सांगणे अवश्य आहे. लक्ष्मी विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २०१३ रोजी जे आदेश दिले, त्यांनुसार ॲसिड विकणाऱ्याने खरेदीदाराचे नाव, पत्ता व मालाचे प्रमाण यांची नोंदवही ठेवावयाची आहे, शासनाने दिलेले छायाचित्रासहित ओळखपत्र पाहावयाचे आहे, प्रयोजन विचारावयाचे आहे, आणि अठरा वर्षांखालील व्यक्तीस माल द्यावयाचा नाही. साठाही उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे पंधरा दिवसांत कळवावयाचा आहे, आणि नियमभंगास पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड आहे. हे आदेश निरपराध स्त्रियांवर होणाऱ्या ॲसिडहल्ल्यांच्या निवारणासाठी आले. आपल्या गल्ल्यावरचा तो कॅन भिंत सोडून आणखी कोठे जाऊ शकतो, याची ही आठवण होय. प्रयोजन विचारणे हा येथे सौजन्याचा प्रश्न उरत नाही, तो कायदाच आहे. आणि आम्ही त्या दिवशी तेही केले नव्हते.

यावर आमचे काही व्यापारी मित्र तीन आक्षेप घेतात. त्यांचा विचार न करता पुढे जाणे योग्य होणार नाही.

पहिला आक्षेप असा की, आम्ही नाही विकले तर शेजारचा विकेल. ही गोष्ट खरी आहे, आणि म्हणूनच हा लेख एका दुकानाच्या भिंतीवर न चिकटवता संघाच्या स्मरणिकेत दिला आहे. एकट्याने पाळलेला नियम त्याचे गिऱ्हाईक तोडतो. सर्वांनी पाळलेला नियम बाजाराची रीत बनतो. वजनमापांच्या बाबतीत आपल्या पूर्वजांनी हेच केले, आणि 'जैनाच्या दुकानी माप पुरे' ही ख्याती त्यातूनच मिळाली.

दुसरा आक्षेप असा की, ग्राहक घाईत असतो, त्यास उपदेश नको असतो. उपदेश देऊही नये. परंतु 'भिंत चुन्याची की सिमेंटची, आणि डाग हिरवा-काळा की तांबडा' हा एक प्रश्न विचारावयास कितीसा वेळ लागतो? कापडाचा व्यापारी अंगरख्याचे कापड देताना माप विचारतो, त्यास कोणी उपदेशक म्हणत नाही. उलट ज्या दुकानी योग्य प्रश्न विचारला जातो, तेथे ग्राहक पुढील वर्षी शेजाऱ्याला घेऊन येतो, असा आमचा तेव्हापासूनचा अनुभव आहे.

तिसरा आक्षेप आमच्या वडीलधाऱ्यांचा आहे आणि तो सर्वांत वजनदार आहे. श्रावकाचारात जी पंधरा कर्मादाने वर्ज्य सांगितली आहेत, त्यांत विषवाणिज्य आहे. मग जैनाने हा व्यापारच का करावा? ज्यांनी या विचाराने हा व्यापार सोडला त्यांना आम्ही वंदन करतो. परंतु जे या व्यापारात आहेत, आणि त्यांत आम्ही आहो, त्यांनी निदान एवढे तरी मानावे की आपण विकतो ते साबण-काडेपेटीसारखे निरुपद्रवी नाही. ज्या मालाला शास्त्राने शंकेच्या यादीत घातले, तो हाताळताना यत्नाचार चौपट असावा, हा त्यातला किमान बोध होय.

आणखी एक गोष्ट या संदर्भात सांगितल्याविना राहवत नाही. शेवाळ हाही एकेंद्रिय जीव आहे. चातुर्मासात ओल्या शेवाळावरून पाऊल टाकू नये म्हणून साधू-साध्वी किती जपतात, हे आपण दरवर्षी पाहतो. मग दिवाळीपूर्वी आपण त्याच शेवाळावर कॅनमागून कॅन ओततो, यात विसंगती नाही काय? यावर उपाय आहे, आणि तो व्यवहारातही स्वस्त पडतो. शेवाळ मारण्यापेक्षा ते धरू न देणे. जेथे पाणी ओघळते तेथेच ते धरते. छज्ज्याच्या कडेला खालून खाच नसेल तर पाणी भिंतीकडे वळते, ती खाच करवून घ्यावी. फुटलेली पन्हळ व तुंबलेला पावसाळी पाइप ज्येष्ठापूर्वी दुरुस्त करावा. कुंपणाच्या भिंतीच्या माथ्यावर उताराची टोपी घालावी. भिंतीला टेकलेला मातीचा ढीग व वेली दूर कराव्या, म्हणजे ऊन-वारा लागून भिंत लवकर सुकते. चुन्याचा जुना हात हा केवळ रंग नव्हता. ताज्या चुन्याचा क्षारगुण इतका तीव्र असतो की त्यावर शेवाळ सहज धरत नाही, म्हणून आपले पूर्वज वर्षास एक हात चुना देत. चुना चिकटावा म्हणून त्यात प्राण्यांच्या कातड्याहाडांपासून केलेला सरस न घालता डिंक घालण्याकडे आणि केसांच्या ऐवजी घायपाताच्या तंतूंचा कुंचला वापरण्याकडे आपल्या घरांनी अवश्य लक्ष द्यावे. हे सर्व साहित्यही आपल्याच दुकानांत मिळते. तेव्हा यात व्यापाराची हानी आहे असे कोणी म्हणू नये.

आता आमची सूचना. संघाने पुढील वार्षिक सभेत खालील पाच गोष्टींचा ठराव करावा, अशी आमची नम्र विनंती आहे. एक : रिकाम्या पाण्याच्या अगर सरबताच्या बाटलीत कोणतेही रसायन सुटे देऊ नये. तहानलेल्या मुलाला बाटली ओळखता येते, आतला द्रव ओळखता येत नाही. दोन : प्रत्येक कॅनवर मालाचे नाव, जोर, तारीख आणि 'यात दुसरे रसायन मिसळू नये' हे वाक्य मराठीत व कन्नडात, मोठ्या अक्षरांत असावे. तीन : ॲसिड व हायपो दुकानात वेगवेगळ्या बाजूस ठेवावेत, आणि एकाच ग्राहकाने दोन्ही मागितल्यास कारण विचारल्यावाचून देऊ नयेत. चार : ॲसिडची नोंदवही खरी व पूर्ण ठेवावी, तपासणी येणार म्हणून आदल्या रात्री बसून भरलेली नसावी. पाच : मोजे व चष्मा हे नफा न घेता, खरेदीच्या भावाने विकावेत. ज्याच्या हातून आपल्या मालाचा उपयोग व्हावयाचा, त्याचा हात शाबूत राहावा, इतकी तजवीज आपण सोसू शकतो.

घरच्या भगिनींनाही एक शब्द. भिंत धुण्याचे काम बहुधा रोजंदारीच्या माणसाकडून होते, आणि त्याला औषध आणून देण्याचे काम आपल्याकडून. त्याच्यापाशी मोजे नसतील तर ते द्यावे, बोळात एकट्यास काम करू देऊ नये, आणि 'उद्यापर्यंत पांढरी शुभ्र झाली पाहिजे' अशी घाई त्याच्यामागे लावू नये. आमच्या बोळातील त्या माणसानेही दुसरे औषध ओतले ते हौसेने नव्हे. संध्याकाळपूर्वी काळेपणा गेला नाही तर मजुरी कापली जाईल, या भीतीने त्याने तसे केले, असे त्यानेच पुढे सांगितले.

तो माणूस अजूनही या शहरात रंगकाम करतो आणि आमच्याच पेढीवरून माल नेतो. आता गल्ल्यावर चिरंजीव त्यास भिंत विचारतात आणि तो हसून उत्तर देतो. पुष्कळदा तोच इतर कामगारांना 'हे त्यात मिळवू नगा' म्हणून बजावतो. परंतु ते ज्ञान त्यास ज्या वाटेने मिळाले, त्या वाटेने आणखी कोणास मिळू नये. येत्या वहीपूजनास आपण 'लाभ' व 'शुभ' हे दोन शब्द नव्या वहीवर लिहू. त्यांपैकी पहिला आपल्या हिशेबात उतरतोच. दुसरा उतरावयाचा असेल, तर गल्ल्यावरून दिलेल्या प्रत्येक कॅनबरोबर एक प्रश्न व एक इशारा गेला पाहिजे.

सुज्ञ सभासदांस अधिक सांगणे न लगे. जय जिनेंद्र.